चार हात पुढे, चार हात मागे

धुरीकाका दर रविवारी सकाळी गाडी काढायचे आणि ती चौकाबाहेर कधी जायची नाही. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, डोळ्यांवर काळा गॉगल. गाडीवरचं कापड घडी करून पायरीवर ठेवायचे, बॉनेटवरून जुनं बनियन फिरवायचे आणि मग आत शिरायचे. ती गाडी इतकी बुटकी होती की तिच्यात बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं. इंजिन सुरू झालं की आमच्या खोल्यांची तावदानं थरथरायची. गाडी चार हात पुढे यायची, थांबायची, चार हात मागे जायची. असं दोन-तीनदा. "टायर एकाच अंगार बसान ऱ्हवले तर वाकडे होतत गो," असं मला एकदा त्यांनी समजावलं होतं. मग इंजिन बंद, कापड परत वर, आणि काका लांबच्या प्रवासातून आल्यासारखे घामाघूम होऊन घरात.

आमची सोसायटी म्हणजे चारकोपच्या एका सेक्टरमधल्या बैठ्या खोल्या, कुणी कुणी वर माळा चढवलेला. मध्ये चौक, चारी बाजूंनी घरं, बाहेर पडायला एकच फाटक. चौक सगळ्यांचा. त्यात पापड वाळायचे, क्रिकेट चालायचं, जयंतीचा मंडप पडायचा, गणपतीचा पडायचा. आणि मधोमध ही लाल, जर्मन, दोन दारांची शर्यतीची गाडी. ती नवी असताना केवढ्याला मिळायची हे ऐकून माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "म्हणजे चौकातली सगळी घरं धरून, की आपलं सोडून?" मंडप तिला वळसा घालून बांधला जायचा. हळदीला नवरीचे फोटो तिच्यासमोर काढले जायचे.

मी पत्रकं लिहिते. पाणी, कचरा, फूटपाथ, रस्ता. ज्या संघटनेत हे शिकले तिथे पहिला धडा असा होता: मागणी आधी सांगा, इशारा शेवटी द्या, विशेषणं घरी ठेवून या. कॉलेजात असताना मी पहिलं पत्रक लिहिलं ते धुरीकाकांच्याच विरोधात. 'चौक कुणाचा?' असा मथळा, खाली सामाईक जागेत खाजगी गाडी का, असा खडा सवाल. खळ लावून ते मी गाडीच्या कापडावरच चिकटवलं. संध्याकाळी काका ते हातात घेऊन आमच्या दारात. आई घाबरली. काका म्हणाले, "लिवलंहस बरा. पण खळ कापडातून रंगापर्यंत गेली तर डाग पडतलो. डाग पडलो की भाव पडलो. पुढच्या टायमाक सुतळीन बांध." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पुढारी' झाले. "काय पुढारी, आज कोणाची वाट लावलंस?" हा त्यांचा रोजचा नमस्कार.

त्या गाडीची कुळकथा त्यांनीच सांगितलेली. काकांचे वडील गिरणीत होते. काका गोरेगावच्या स्टुडिओत ड्रायव्हर म्हणून लागले आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की हिरोला प्रत्येक कथेत एक गाडी लागते. टेकून उभं राहायला, दार आपटून निघून जायला, शेवटी परत यायला. गाडी भाड्याने देणारा माणूस शूटिंगच्या जागी खुर्चीवर बसून चहा पितो आणि संध्याकाळी ड्रायव्हरच्या महिन्याचा पगार घेऊन जातो. काकांनी कुडाळकडची वाट्याला आलेली कलमांची बाग भावाला देऊन टाकली आणि एका बिल्डरने वापरून कंटाळलेली ही गाडी घेतली. काकू तेव्हा दोन दिवस जेवल्या नव्हत्या म्हणे.

सुरुवातीची वर्षं झकास गेली. मढच्या शूटिंगच्या बंगल्यांवर गाडी आठवड्यातून तीनदा जायची. मग मालिकावाल्यांना नवीन मॉडेल हवं झालं. मग कुणी म्हणालं लाल रंग जुना वाटतो. गाडी चौकात जास्त दिसायला लागली आणि विकत घेणाऱ्यांची, काकांच्या भाषेत 'पार्ट्यांची', ये-जा सुरू झाली.

इथे काकांचा स्वभाव सांगायला हवा. ते हट्टी होते, पण त्यांच्या हट्टाला हिशेब होता. बागेच्या बदल्यात गाडी आली, तेव्हा गाडीच्या बदल्यात निदान बागेएवढं यायला हवं. "बागेच्या खाली देवचंय नाय," एवढंच ते पार्टीला सांगायचे. पार्टीला बाग माहीत नसायची. ती आपली गाडीचं वय मोजायची, कितवा मालक ते विचारायची, पासिंग कधी संपतंय ते बघायची आणि आकडा सांगून निघून जायची. पुढच्या वर्षीची पार्टी त्याहून खालचा आकडा सांगायची. मग काका गेल्या वर्षीच्या पार्टीची आठवण काढायचे. "तो अंधेरीचो माणूस बरो होतो रे." तो बरा माणूस गेल्या वर्षी 'चोर' होता. वस्तूचा भाव दर साली एकेक पायरी उतरतो, आणि मालक वरच्या पायरीवर हात उंचावून उभा राहतो. हे मी शेअर बाजारवाल्यांचंही बघितलंय, पण ते वातानुकूलित खोलीत उभे असतात.

त्यांचे भावाबद्दलचे नियम ठरलेले होते. "इचारणाऱ्याक किंमत सांगूची नसता, घेणाऱ्याक सांगूची." "गिऱ्हाईक गाडी बघता तेव्हा आपण आकाशाक बघूचा." त्यातला सगळ्यात लाडका नियम ऐकून तर सगळा चौक हसायचा. "क्रेनीन उचललेली गाडी आणि गटारातून उचललेलो नवरो, दोघांचो बाजार उठता."

क्रेनचा विषय निघायला कारण झाला रस्ता.

आमच्या फाटकासमोरचा डांबरी रस्ता काँक्रीटचा होणार असं ठरलं. ठेकेदाराच्या माणसांनी येऊन सांगितलं, गाड्या बाहेर लावा, काम चालू असताना फाटक बंद राहील. दुचाकीवाल्यांनी आपल्या गाड्या पुढच्या गल्लीत नेल्या. काकांनी नेली नाही. रस्त्यावर कोण कुठे ओरखडा काढेल, सिमेंटची धूळ बसेल, पोरं वायपर मोडतील. चौकासारखी सुरक्षित जागा नाही. भाव सांभाळायचा तर गाडी आतच बरी. त्यांनी कापडावर आणखी एक प्लॅस्टिक चढवलं आणि निवांत झाले.

रस्ता झाला तेव्हा तो आमच्या चौकापेक्षा गुडघाभर उंच झालेला होता. या शहरात नवा रस्ता जुन्याच्या डोक्यावर बसतो, खालच्या घरांचं काय होईल हे विचारायची पद्धत नाही. फाटक उघडलं की समोर काँक्रीटची सरळ उभी कड. माणसं एक मोठी ढांग टाकून वर जायला लागली. दुचाकीवाल्यांनी एक अरुंद फळी तिरकी टाकून घेतली. आतून उतार बांधायला जागा नव्हती, कारण फाटकाला लागूनच जमिनीत पाण्याची टाकी. उतार काढायचा तर रस्त्याची कड कापून बाहेरच्या बाजूनेच, आणि रस्ता महापालिकेचा. काकांची गाडी म्हणजे जमिनीपासून जेमतेम वीतभर उचललेलं पोट. ती त्या कडेसमोर उंबऱ्याला अडलेल्या कासवासारखी.

काकांनी हे कुणाला कबूल केलं नाही, आणि कुणी क्रेन बोलवा म्हटलं की त्यांचा तो लाडका नियम ऐकावा लागायचा. कुणी विचारलं तर, "काढूची म्हटलंय तर आता काढीन. पण कशाक?" रविवारचं चार हात पुढे, चार हात मागे चालू राहिलं.

त्याच सुमारास काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं, चाकांची खुर्ची आली. "हात गेलो, पाय गेलो, जीभ शाबूत आसा," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि पुरावा म्हणून समोरच्याला दोन शिव्या द्यायच्या. पहिल्यांदा व्यायामाला नेताना चार जणांनी खुर्ची उचलून कडेवरून रस्त्यावर ठेवली. परत आणताना तसंच. त्यानंतर काकूंनी बाहेर पडायला साफ नकार दिला. मी समजवायला गेले तर म्हणाल्या, "वैशू, बायमाणसाक चौघांनी कधी उचलतत, ठावक आसा ना तुका? मी अजून मेलंय नाय."

पत्रकात यावर काही छापता येत नाही.

महिने गेले. काकू दारात खुर्चीवर बसायच्या, समोर झाकलेली गाडी, पलीकडे फाटक, फाटकावरच्या सोसायटीच्या पाटीखालून कमरेखालची माणसं जाताना दिसायची, कारण रस्ता तेवढा वर. एकदा काका बॉनेट पुसत असताना त्या मोठ्याने म्हणाल्या, "पूस, पूस. तिका भाव तरी आसा. माका कोण घेतलो?" काकांनी पुसणं थांबवलं नाही. पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले.

मी कामाला लागले होते. 'रस्ता वर, माणूस खाली' असं पत्रक लिहिलं, सेक्टरभर सह्या घेतल्या, महापालिकेच्या कचेरीत खेटे घातले. मला काकांची सही आणि गाडीचा व्हिडिओ हवा होता. अडकलेली लाल शर्यतीची गाडी! लोक हसतील, पुढे पाठवतील, चर्चा होईल. काकांनी हात जोडले.

"पुढारी, काय वाट्टेल ता छाप. माझी गाडी छापू नको."

"का पण, काका?"

"अडाकलेल्या वस्तूक भाव नसता गो. पार्टी येवची आसा रविवारी. गोरेगावची."

"आणि काकू अडकल्यात त्याचं काय?"

"तिच्यासाठीच विकतंय ना मी?" ते एकदम ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गाडी गेली की तिका लिफ्टच्या बिल्डिंगीत नेतंय. खाली सरळ रस्तो. कोणी उचलूचा नको."

मी तिथेच त्यांना सुनावलं. "म्हणजे काकूंना बाहेर काढायला गाडी विकायची. गाडी विकायला ती बाहेर काढायची. ती बाहेर काढायला ती अडकल्येय हे बोलायचं. आणि ते तर तुम्ही बोलणार नाही. वा!" मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "तुका एवढा समाजता, माका समाजत नाय असा वाटता तुका?" आणि कापडाची गाठ घट्ट करत राहिले.

रविवारी पार्टी आली. तिशीचा मुलगा, मोबाइल हातातून सुटत नव्हता. त्याला गाडी आवडली, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काका आकाशाकडे बघत उभे. त्याने इंजिन ऐकलं, दारं उघडली-लावली, आणि म्हणाला, "काका, एक राउंड मारके आते है."

"आज संकष्टी आहे," काका म्हणाले. "संकष्टीला मी गाडी बाहेर काढत नाही."

दारातून काकू म्हणाल्या, "संकष्टी परवा झाली."

तो मुलगा फाटकाकडे गेला. कडेसमोर उकिडवा बसला, तिच्यावर हात ठेवला, मागे वळून गाडीच्या पोटाकडे बघितलं आणि हसायला लागला. तुच्छतेने नाही, खरंखुरं हसू आलं त्याला. "काका, ये गाडी नही है, ये तो शोपीस है." मग त्याने एक आकडा सांगितला. काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्या दिवशी गाडी पुढे-मागे झाली नाही.

आणि मग एका सकाळी, माझ्या कितव्यातरी अर्जानंतर, अभियंता साहेब पाहणीला आले. सोबत ठेकेदाराचा मुकादम. चौकातली सगळी बाहेर आली. काकू नेहमीप्रमाणे दारात. काका लुंगी-बनियनवर त्यांच्या खुर्चीमागे उभे.

साहेबांनी कड बघितली आणि नियम सांगितला. जिथे वाहनांची ये-जा आहे तिथे कड कापून उतार देतात. इथे वाहनं कुठे आहेत? दुचाकी फळीवरून जातायत की.

मी म्हटलं, "चाकांची खुर्ची आहे."

"ते वाहनात येत नाही, मॅडम. त्याचं खातं वेगळं. वेगळा अर्ज करा."

"माणूस घराबाहेर पडू शकत नाही, आणि तुम्ही खातं सांगताय?" माझा आवाज चढला. ते मला सवयीचं आहे. त्यांनाही सवयीचं असावं, कारण त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मी चौकाच्या मध्यावर बोट दाखवलं. "आणि ती? ती चारचाकी आहे ना?"

साहेबांनी कापड थोडं उचलून बघितलं. "भंगार आहे हे. चालतं तरी का? मधेच पडलंय." सगळे काकांकडे बघायला लागले. काका आकाशाकडे बघत होते. ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं आणि मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

साहेब निघता निघता समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, शेजारधर्म आहे की नाही? आजींना कधी जायचं असेल तर चार जण उचलून नेतील."

काकूंनी मान खाली घातली.

काका आत गेले. किल्ली घेऊन आले. कापडाची गाठ सुटेना तेव्हा त्यांनी ते ओढून फाडलं. तसेच, लुंगीवर, ते गाडीत शिरले. इंजिन सुरू झालं आणि साहेब दोन पावलं मागे सरले. गाडी चार हात पुढे आली. थांबली नाही. पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून खडखडत ती फाटकात गेली आणि तिचं लाल नाक काँक्रीटच्या कडेवर आदळलं. कडाड असा आवाज झाला. काकांनी ती मागे घेतली. परत पुढे. या वेळी खालचा सगळा पत्रा फाटत गेला, एक दिवा फुटला, काचा झाकणावर सांडल्या. तिसऱ्यांदा त्यांनी नाक कडेला टेकवलं आणि पाय दाबून धरला. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, जळक्या रबराचा वास चौकभर पसरला. कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

मग इंजिन बंद झालं. काका बाहेर आले. गॉगल नव्हता, त्यामुळे त्यांचे डोळे सगळ्यांना दिसत होते.

"लिवा सायब," ते म्हणाले. "गाडी चलता. आणि अडाकली आसा. माझी आसा. नाव धुरी."

साहेब मुकादमाकडे बघायला लागले. काका माझ्याकडे वळले. "पुढारी, कॅमेरो चालू आसा ना?"

चालू नव्हता. मी विसरले होते. "आहे, काका," मी म्हटलं आणि मोबाइल काढला. तेवढ्यानेही काम झालं. फुटलेलं नाक आणि त्याच्यापुढची कड, एवढं एका चौकटीत मावत होतं.

व्हिडिओ गेला, लोक हसले, कचेरीत फोन गेले. तरी कड कापायला पावसाळा उलटावा लागला. फुकट काही मिळत नाही, हे मी दर पत्रकात लिहिते.

गाडीचं आधी सांगून टाकते. उतार झाल्यावर पंधरा दिवसांत सुट्या भागांचा धंदा करणारा एक जण आला आणि दोरीने ओढून घेऊन गेला. काका तेव्हा आकाशाकडे वगैरे बघत नव्हते, दोरी नीट बांधली की नाही ते बघत होते. कितीला गेली ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. माझे वडीलही विचारायला धजावले नाहीत. बागेएवढं आलं नसणार, लिफ्टच्या बिल्डिंगीएवढं तर नाहीच. नंतर वर्षभराने खोली विकून दोघं गावी गेली, भावाच्या घराशेजारी एक खोली बांधून राहिली. मी अजून तिथे गेलेली नाही.

माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं जे चित्र आहे ते उतार झाला त्या दिवशीच्या संध्याकाळचं आहे. सिमेंट वाळलंय की नाही ते काकांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. मग खुर्ची ढकलत वर नेली. चौकातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या तर काकू म्हणाल्या, "टाळये कसले वाजवतास? मी काय नाटकात काम करतंय?" दोघं नाक्यापर्यंत गेली. कोळणीपाशी काकूंनी बांगड्यांच्या भावावरून असा काही वाद घातला की कोळीण म्हणाली, "आजी, इतके दिवस होतात कुठं? बरा होता माझा धंदा." काका पिशवी धरून उभे.

परत येताना मी मागेच होते. फाटकापाशी आल्यावर काकांनी खुर्ची उताराकडे वळवली. काकूंनी डाव्या हाताने चाक घट्ट धरलं.

"काय झाला?"

"इतक्यात नको घराक."

"बांगडे खराब होतीत गो."

"होवंदेत."

काकांनी खुर्ची परत रस्त्याकडे वळवली, पिशवी माझ्याकडे दिली, लुंगी सावरली आणि खुर्चीशेजारी, नव्या रस्त्याच्या कडेला, मांडी घालून बसले. समोरून रिक्षा जात होत्या, माणसं कामावरून परतत होती. काकू प्रत्येकाचा चेहरा नीट बघत होत्या.

मी बांगडे घेऊन आत गेले.